‘काम हीच प्रार्थना’ : एका पळवाटेविषयी

गेली काही वर्षे आमच्या धर्मग्रामांतून एक वाक्य फार ऐकू येऊ लागले आहे. ‘काम हीच प्रार्थना.’ शिक्षक ते म्हणतात, बँकेतले अधिकारी म्हणतात, आखातातून परतून घर बांधणारे म्हणतात आणि आता कॉलेजात जाणारी मुलेही आईवडिलांना तेच ऐकवू लागली आहेत. संध्याकाळच्या प्रार्थनेचा विषय निघाला की हे वाक्य पुढे येते आणि विषय संपतो. वाक्य असे देखणे आहे की त्याच्या विरोधात बोलणारा माणूस आळसाची वकिली करीत आहे असे वाटावे. तरीही आम्ही त्याच्या विरोधात बोलणार आहोत. हे वाक्य आमच्या घरांतून प्रार्थना घालवीत आहे आणि ती जाताना कोणालाही अपराधी वाटू देत नाही, ही आमची तक्रार आहे. उघड नास्तिकतेशी वाद घालता येतो. भक्तीचा अंगरखा घालून आलेल्या उदासीनतेशी वाद घालणे अधिक कठीण असते.

आमचा वाद कशाशी नाही, हे आधी स्पष्ट करतो. काम पवित्र आहे याविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. प्रभू येशूला नाझरेथचे लोक सुतार म्हणून ओळखत होते. संत पौलाने तंबू शिवून आपली भाकरी मिळवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात प्रापंचिकांचे रोजचे श्रम, त्यांचा कौटुंबिक जीवनक्रम, त्यांची विश्रांती, एवढेच काय, त्यांनी सोसलेले कष्ट हेही आध्यात्मिक अर्पण होऊ शकते असे निःसंदिग्धपणे शिकवले. वसईच्या वाडीत पहाटे उठून पाणी सोडणारा शेतकरी, डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठणारी मावशी आणि विरारहून चर्चगेटपर्यंतचा साठ किलोमीटरचा प्रवास रोज उभ्याने करणारा कारकून यांच्या घामाला आम्ही कमी लेखत नाही.

परंतु परिषदेची ती शिकवण नीट वाचली पाहिजे. हे सारे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने केले तर अर्पण होते आणि मिस्साबलिदानात प्रभूच्या शरीराबरोबर पित्याला वाहिले जाते, असे ती सांगते. म्हणजे काम आपोआप अर्पण होत नाही. कोणीतरी ते उचलून वाहावे लागते. शेतात पिकलेली केळी शेतातच राहिली तर तिला कोणी अर्पण म्हणत नाही. ती तोडावी लागते, चर्चमध्ये आणावी लागते आणि हातातून सोडावी लागते. हातातून सोडण्याची ती क्रिया म्हणजे प्रार्थना. ज्याने दिवसभरात एकदाही काम खाली ठेवले नाही, त्याने ते देवाला दिले केव्हा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

साक्षीदार काय सांगतात?

‘काम हीच प्रार्थना’ म्हणणारे बहुधा थोरांची साक्ष काढतात. ती साक्ष तपासून पाहू.

पहिले साक्षीदार संत बेनेडिक्ट. ‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे ब्रीद त्यांच्या नावावर चालते. त्यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत हे ब्रीद या शब्दांत कोठेही नाही. ते त्यांच्या शिकवणीचे पुढच्या काळात केलेले सार आहे. शिवाय त्या सारातही दोन वेगळी क्रियापदे आहेत, एकाच्या जागी दुसरे बसवलेले नाही. नियमावली तर याहून कडक आहे. प्रार्थनेची खूण कानी पडताच हातात जे असेल ते तसेच टाकून मठवासीयाने निघावे आणि ईश्वराच्या उपासनेपेक्षा कशालाही अधिक मान देऊ नये, असे तिचे त्रेचाळिसावे प्रकरण सांगते. ‘काम करणे म्हणजेच प्रार्थना करणे’ ही लॅटिन म्हण अलीकडच्या जगात गाजवली ती थॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने, आपल्या १८४३ सालच्या ग्रंथात. कार्लाइल मोठा लेखक होता, पण कॅथलिक उपासनेचा तो गुरू नव्हे.

दुसरे साक्षीदार आमच्या मातीतले, संत सावता माळी. त्यांनी मळ्यातल्या भाजीत विठ्ठल पाहिला, पंढरीची वाट धरली नाही, असे आमचे सुशिक्षित बांधव कौतुकाने सांगतात. कौतुक योग्यच आहे. पण हे आपल्याला कळले कसे? सावतोबांनी अभंग रचले आणि गाइले म्हणून कळले. त्यांच्या हातात खुरपे होते तेव्हा मुखात नाम होते. आपल्या बांधवांच्या हातात मोबाइल आहे आणि मुखात नाम नाही. अशा वेळी सावता माळ्यांचा दाखला देणे हे त्या संताचा अपमान करणे आहे.

तिसऱ्या साक्षीदार कोलकात्याच्या संत तेरेसा. त्यांचे नाव तर सर्वांच्या ओठावर असते : ‘मदर तेरेसांनी सेवा केली, जप करीत बसल्या नाहीत.’ वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मदर आणि त्यांच्या भगिनी रोज मिस्सा ऐकत, जपमाळ म्हणत आणि १९७३ पासून त्यांच्या संस्थेत पवित्र साक्रामेंतापुढे रोज एक तासाची आराधना सुरू झाली. मरणपंथाला लागलेली माणसे दारात असताना, कामाचा डोंगर समोर असताना त्यांनी प्रार्थनेचा वेळ वाढवला. ज्यांना खरोखरच वेळ नव्हता त्यांनी वेळ काढला. ज्यांच्याकडे रात्री दोन तास मालिकांसाठी आहेत ते त्यांचा दाखला देतात!

आणि सर्वांत मोठा साक्षीदार स्वतः प्रभू. संत मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम येथील एका दिवसाचे वर्णन आहे. संध्याकाळी सारे गाव दारात जमले होते, आजाऱ्यांची रांग लागली होती. त्यानंतरच्या पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य त्याला शोधत आले. लोक वाट पाहत आहेत, असे त्यांनी सांगितले. काम बाकी होते, गरज खरी होती, तरीही तो उठून गेला होता. आजाऱ्यांना बरे करण्याहून पवित्र काम कोणते? ते कामसुद्धा प्रभूने प्रार्थनेच्या जागी बसवले नाही. मग आमच्या कचेऱ्या, दुकाने आणि बांधकामे यांनी ती जागा कोणत्या अधिकाराने घ्यावी?

नागासाकीची परीक्षा

या प्रश्नाची इतिहासाने एकदा मोठी परीक्षा घेतली आहे आणि तिचा आमच्या वसईशी संबंध आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्याबरोबर आणखी पंचवीस जण होते. गोन्सालो धर्मगुरू नव्हते. फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून जाण्यापूर्वी ते व्यापार करीत होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय वसईत आहे आणि त्यांचा सण आपण थाटात साजरा करतो. पण त्यांच्या रक्ताने भिजलेल्या त्या भूमीत पुढे काय घडले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. १६४४ नंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. चर्च नाही, मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. घरात क्रूस सापडला तर मरण. असे दोनशेहून अधिक वर्षे चालले. १८६५ साली नागासाकीत फ्रेंच मिशनऱ्यांनी एक चर्च बांधले आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ वाहिले. १७ मार्च रोजी उराकामी गावचे काही शेतकरी चर्चच्या दाराशी आले. फादर पेतीजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. हजारो ख्रिस्ती माणसे त्या परिसरात आणि जवळच्या बेटांवर गुप्तपणे श्रद्धा जपत होती. ते बाप्तिस्मा देत होते, उपवासकाळ पाळत होते आणि बापाकडून मुलाकडे तोंडी आलेल्या प्रार्थना म्हणत होते. पोर्तुगीज आणि लॅटिन शब्द पिढ्यान्‌पिढ्या उच्चारून झिजले होते, अर्थही काही ठिकाणी पुसट झाला होता, पण प्रार्थना तुटली नव्हती.

ही माणसे कोण होती? शेतकरी आणि कोळी. शेजारची इतर कुटुंबेही तीच शेती करीत होती आणि त्याच समुद्रात जाळे टाकीत होती. कामात तसूभर फरक नव्हता. काम हीच प्रार्थना असती तर सात पिढ्यांनंतर त्या शेतकऱ्यांच्या ख्रिस्ती असण्याची खूण कोणती उरली असती? ती उरली, कारण रात्री दारे लावून, आवाज दाबून, जिवाच्या भीतीने ती कुटुंबे प्रार्थनेला बसत राहिली. आपल्याला जिवाची भीती नाही. आपली दारे उघडी आहेत. आपल्या आल्तारावर रंगीत दिव्यांची माळ रात्रंदिवस लुकलुकते. तिच्यासमोर बसायला मात्र कोणी नाही, किंवा एकटी आजी आहे.

‘पण आम्ही चर्चला जातो’

येथे काही वाचक म्हणतील : आम्ही रविवारी मिस्साला जातो, नोव्हेना करतो, मोठ्या प्रार्थना-मेळाव्यांनाही जातो, मग घरची प्रार्थना राहिली तर एवढे काय बिघडले?

मिस्सा ही ख्रिस्ती जीवनाची शिखरस्थानी असलेली उपासना आहे आणि तिला पर्याय नाही. पण ज्या परिषदेने उपासनाविधीची थोरवी गायिली त्याच परिषदेने १९६३ साली हेही बजावले की आध्यात्मिक जीवन केवळ विधीतील सहभागाने संपत नाही. ख्रिस्ती माणसाने आपल्या खोलीत जाऊन गुप्तपणे पित्याची प्रार्थनाही केली पाहिजे. कुटुंबाला ‘घरची ख्रिस्तसभा’ म्हणणारीही तीच परिषद.

मेळाव्यांविषयी आमचे मत स्पष्ट आहे. तेथे काहींना खरे समाधान मिळते, हे आम्ही नाकारीत नाही. पण गर्दीत एक सोय असते : तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही. हजारोंच्या मंडपात हात उंचावून ‘आमच्या अपराधांची क्षमा कर’ म्हणणे सोपे आहे. स्वतःच्या ओटीवर, ज्याच्याशी बांधावरून तीन वर्षे बोलणे नाही त्या भावासमोर बसून तेच शब्द उच्चारणे कठीण आहे. आमच्या भागात जमिनीचे भाव चढले तसे भावाभावांचे दावे वाढले. दोघे एकाच मिस्साला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात, एकाच प्याल्याचे वाटेकरी होतात आणि सोमवारी आपापल्या वकिलाकडे जातात. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाचे आपल्याशी काही वैर आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे. मोठ्या गर्दीत ते आठवत नाही. घरच्या प्रार्थनेत ते टळत नाही. आम्हाला तर शंका आहे की घरची प्रार्थना पुष्कळ ठिकाणी वेळेअभावी नव्हे, तर याच कारणाने बंद पडली.

दुसरा आक्षेप

याहून गंभीर आक्षेप तरुणांकडून येतो. ‘रोज जपमाळ ओढणारी माणसे आम्ही पाहिली आहेत,’ ते म्हणतात. ‘मोलकरणीचा पगार थकवतात, सुनेला छळतात, तराजूत मारतात. असल्या प्रार्थनेपेक्षा प्रामाणिक काम बरे.’

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. तो या तरुणांच्या आधी संदेष्ट्यांनी घेतला आहे. आमोसाच्या काळी शब्बाथ कधी संपतो आणि खोट्या मापाने धान्य विकायला कधी मोकळे होतो, म्हणून तळमळणारे व्यापारी होते. यशयाने तर सांगून टाकले की रक्ताने माखलेल्या हातांची प्रार्थना देव ऐकत नाही. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गराज्यात जाणार नाही, ही ताकीद शुभवर्तमानातली आहे. जी प्रार्थना माणसाला बदलत नाही ती प्रार्थना नव्हे, तोंडाची सवय आहे. आगगाडीच्या वेगाने म्हटलेल्या पन्नास ‘नमो मारिया’ आणि नवसाच्या बोलीवर चाललेला देवाशी व्यवहार यांचे समर्थन आम्ही करीत नाही.

पण रोग सांगून झाल्यावर औषध कोणते ते पाहा. भेसळीचे दूध मिळाले म्हणून कोणी मुलाला दूधच बंद करीत नाही, चांगले दूध शोधतो. आमोस आणि यशया यांनी प्रार्थना थांबवा असे सांगितले नाही. हात धुऊन या असे सांगितले. शिवाय या तरुणांना आम्ही एक विचारू इच्छितो : तुमचे काम प्रामाणिक आहे की नाही, हे तुम्ही तपासता केव्हा? संत इग्नेशियस यांनी शिकणाऱ्या तरुण येशूसंघीयांवर लांबलचक ध्यानाचा भार टाकला नाही, अभ्यास हेच त्यांचे काम मानले. पण दिवसाचे आत्मपरीक्षण मात्र त्यांनी सोडू दिले नाही. दिवस देवासमोर उघडून पाहिल्याशिवाय त्यात प्रामाणिकपणा किती आणि अहंकार किती हे कळत नाही. परूश्यालाही आपले काम उत्तमच वाटत होते.

समाजकार्यात पडलेल्यांनाही हेच सांगणे आहे. वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) आणि वर्षानुवर्षे पवित्र शास्त्राशी बसून ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे फादर दिब्रिटो हे एकच गृहस्थ होते. लढा आणि वचन यांत निवड करावी लागते, हा समज त्यांच्या आयुष्याने तरी खोटा ठरवला आहे.

या वाक्याचा फायदा कोणाला?

कोणतेही सुभाषित फार चालू लागले की त्याचा फायदा कोणाला होतो हे पाहावे. ‘काम हीच प्रार्थना’ या वाक्याचा पहिला फायदा मालकाला होतो. आता कचेरी घरी आली आहे. रात्री दहाला साहेबांचा निरोप येतो आणि जेवणाच्या ताटावरून उठून माणूस उत्तर लिहितो. ज्याला काम हेच सर्वस्व आहे असे पटले, त्याला थांबण्याचा हक्क कोणत्या तोंडाने मागता येईल? शब्बाथाची आज्ञा देताना देवाने गुलामाला, दासीला, बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळाला पाहिजे असे सांगितले. इजिप्तमध्ये तुम्ही गुलाम होता हे विसरू नका, असे कारणही दिले. प्रार्थनेसाठी थांबणारा माणूस जाहीर करतो की मी कोणाचाही पूर्ण गुलाम नाही.

दुसरा फायदा घरातल्या पुरुषांना होतो. हे वाक्य सर्वांत जास्त कोणाला ऐकवले जाते? आईला. बाकीचे गुडघे टेकतात आणि ती चुलीपाशी असते. ‘असू दे, तिचे कामच तिची प्रार्थना.’ किती सोयीची भक्ती ही! आम्ही म्हणतो, प्रार्थनेच्या वेळी गॅस बंद झाला पाहिजे. भाकरी दहा मिनिटे उशिरा मिळाली तर कोणी उपाशी मरत नाही. चोवीस तासांतली ती दहा मिनिटे अशी असावीत की त्या माऊलीकडे कोणी काही मागणार नाही आणि तिलाच मागता येईल.

करायचे काय?

कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्याचा चौथा भाग संपूर्णपणे प्रार्थनेला वाहिलेला आहे. त्यात एक साधे सत्य सांगितले आहे : ठरावीक वेळी, जाणीवपूर्वक प्रार्थना न करणाऱ्याला सर्वकाळ प्रार्थना करता येत नाही. संत पौलाने निरंतर प्रार्थना करा म्हटले आहे. त्या निरंतरतेचा उगम ठरलेल्या वेळेत आहे. फ्रेंच चित्रकार मिले यांचे ‘आंजेलुस’ हे १८५७ ते १८५९ या काळात रंगवलेले चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. बटाट्याच्या शेतात एक जोडपे मान खाली घालून उभे आहे. दूर चर्चचा मनोरा आहे. खणण्याचा काटा मातीत उभा रोवलेला आहे आणि हात मोकळे आहेत. काम संपलेले नाही, टोपली अर्धीच भरलेली दिसते. ते फक्त थांबले आहेत. आमच्या वाड्यांतही तिन्हीसांजेच्या घंटेला माणसे अशीच थांबत होती. घंटा आजही वाजते.

आम्ही फार मोठे मागत नाही. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटे. दूरदर्शन संच बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मिस्सातले त्या दिवसाचे शुभवर्तमान एकाने वाचावे, शक्यतो घरातल्या लहानाने. मग थोडी शांतता. आज काय चुकले आणि कशाबद्दल आभार मानायचे, हे प्रत्येकाने मनात पाहावे. घरातल्या आजाऱ्यांची आणि मृतांची नावे मोठ्याने घ्यावीत. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हणावी. ज्यांना जमेल त्यांनी जपमाळ म्हणावी, ज्यांना पाचही रहस्ये जमत नाहीत त्यांनी एक म्हणावे. रात्रपाळीवाल्यांनी आपली वेळ निवडावी. लोकलमध्ये प्रार्थना करणाऱ्यांनी ती जरूर करावी, पण घरच्यांना आपला आवाज ऐकू येईल अशी एक वेळही ठेवावी.

आमचा आग्रह एवढा का, तेही सांगतो. अलीकडे काही घरांत आम्ही पाहिले आहे की वडील शेवटच्या घटका मोजीत आहेत, मुले पदवीधर आहेत, सुना नोकरी करतात, आणि उशाशी उभे राहून प्रार्थना म्हणू शकेल असा एकही माणूस घरात नाही. शेजारच्या वाडीतल्या म्हातारीला बोलावणे पाठवावे लागते. उद्या ती म्हातारीही नसेल. आमची मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जात आहेत आणि पुढेही जातील. तेथे मराठी मिस्सा असेल किंवा नसेल, ओळखीचे धर्मगुरू असतील किंवा नसतील. आम्ही त्यांना काम करायला उत्तम शिकवले, यात वाद नाही. पण काम तर जगात सगळीकडे शिकवतात. प्रार्थना मात्र ज्याच्या त्याच्या घरातच शिकवावी लागते, आणि ते शिकवण्याची पाळी आता आमची आहे.